मादागास्करची फुसकारणारी झुरळं पाळायची कशी, अगदी डबा घेण्यापासून

आपण बहुतेक सगळे झुरळ दिसलं की आधी चप्पल शोधणाऱ्या घरात वाढलोय, त्यामुळे इकडे यूकेत लोक पैसे मोजून झुरळं विकत घेतात आणि काचेच्या टाकीत सजवून ठेवतात हे ऐकून भारतातले नातेवाईक हसतात, हसू देत. मला मेसेजमध्ये सारखं तेच तेच विचारलं जातं की वास येतो का, चावतात का, पळाली तर घरभर होतील का, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितोय.

आधी गैरसमज काढू. जगात झुरळांच्या साधारण ४,६०० जाती माहिती आहेत आणि त्यातल्या तीसेक जातीच माणसाच्या घराच्या आसपास राहतात. ओट्याखालचं छोटं जर्मन झुरळ आणि गटारातून येणारं लाल उडणारं अमेरिकन झुरळ, ज्यांच्यामुळे सगळ्या जमातीचं नाव खराब झालंय, ती दोन त्यातलीच. ही दोन हौस म्हणूनही पाळू नका, एक मादी निसटली तरी सोसायटी तुमच्या नावाने खडे फोडेल. आपण बोलतोय ते मादागास्करच्या हिसिंग झुरळाबद्दल, शास्त्रीय नाव ग्रोम्फाडोरिना पोर्टेंटोसा. जंगलात जमिनीवर, पडलेल्या पानांत आणि कुजक्या ओंडक्यांत राहणारा प्राणी. पंख नाहीत, त्यामुळे उडायचा प्रश्नच नाही, चाल एकदम निवांत, चावायच्या भानगडीत पडत नाही आणि लांबी ५ ते ७.५ सेंटीमीटर. नीट ठेवलं तर दोन-तीन वर्षं आरामात जगतं, कधीकधी पाच.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो, तो म्हणजे झुरळ कशानेच मरत नाही, अणुबॉम्बनेसुद्धा नाही. डब्यातलं झुरळ मरतं हो, व्यवस्थित मरतं. हवा इतकी कोरडी की कात अंगातच अडकली, किंवा हवा इतकी कोंदट की सगळीकडे बुरशी, नाहीतर घरात कोणीतरी मच्छरांचं मशीन लावलं, बहुतेक वेळा या तिनांपैकीच काहीतरी झालेलं असतं. खाणं-पिणं त्यानंतर येतं. त्यामुळे खाली डब्याबद्दल जास्त लिहिलंय आणि खाण्याबद्दल कमी, ते मुद्दामच.

घ्यायच्या आधी

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, बाहेरून जिवंत किडे मागवायला प्लांट क्वारंटाईन ऑर्डर, २००३ खाली आयात परवाना लागतो. त्यामुळे कोणी नातेवाईक सामानात डबी टाकून आणतो म्हणाला तर त्याला नको म्हणा. ज्यांना भारतीय जातीत रस आहे त्यांच्यासाठी शेवटी डोमिनो झुरळावर लिहिलंय. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनाही परदेशी झुरळं आणता येत नाहीत, पण तुमच्याकडे क्वीन्सलँडचं बिळात राहणारं राक्षसी झुरळ आहे, ३० ग्रॅमच्या वर भरणारं आणि दहा वर्षं जगू शकणारं, ते कायदेशीर विकत मिळतं, नशीबवान आहात. यूकेत हिसिंगला लायसन्स लागत नाही. अमेरिकेत राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, आपल्या राज्याच्या कृषी खात्याकडे विचारून घ्या.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला आणि रूममेटला आधी सांगा, नंतर सांगण्यात मजा नाही. घरात कोणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर थोडा विचार करा, कारण झुरळांची विष्ठा आणि वाळलेली कात यांची बारीक धूळ ॲलर्जीला कारण ठरते आणि पाळीव झुरळं त्याला अपवाद नाहीत.

विकत घेताना प्राणी हातात घेऊन बघा. दोन्ही मिशा पूर्ण हव्यात, सहाही पाय टोकापर्यंत असावेत, पोट दबलेलं-सुरकुतलेलं नको, आणि हात लावल्यावर फुसकारलं किंवा निदान पाय रोवून बसलं पाहिजे. शक्यतो पूर्ण वाढलेली घेऊ नका, अर्धवट वाढलेली पिल्लं घ्या, वय कमी असल्यामुळे जास्त वर्षं सोबत मिळते आणि कात टाकताना बघायला मिळतं, ज्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप.

नर-मादी ओळखणं सोपं आहे. नराच्या डोक्यामागच्या ढालीवर दोन ठळक टेंगळं असतात, शिंगांसारखी, आणि मिशा जाड केसाळ. मादीची ढाल बरीच सपाट, मिशा गुळगुळीत. आता इथे लक्ष द्या. पिल्लं नको असतील तर फक्त नर घ्या. फक्त माद्या घेतल्या की झालं असं वाटतं, पण दुकानातली मोठी मादी बहुतेक वेळा आधीच गाभण असते आणि दोन महिन्यांत तुमच्याकडे बारसं.

डबा आणि झाकण

पाच-सहा मोठ्या झुरळांना २५-३० लिटरचा प्लास्टिकचा पारदर्शक स्टोरेज बॉक्स पुरतो. काचेचं टेरॅरियम दिसायला भारी, पण गरम होतं लवकर, गार होतं लवकर, आणि महाग. मी तरी सुरुवात प्लास्टिकने करा म्हणेन. उंची निदान ३० सेंटीमीटर असू द्या, कारण यांना उभ्या सालीवर चढून बसायला आवडतं.

हिसिंग झुरळं काचेवर आणि प्लास्टिकवर सरळ उभी चढतात, पिल्लं तर जास्तच. त्यामुळे झाकण घट्ट क्लिपचं. झाकणात एक आणि समोरासमोरच्या भिंतींत एक-एक अशी हवेची खिडकी कापा, हाताच्या पंजाएवढी, आणि त्यावर स्टीलची बारीक जाळी हॉट ग्लूने चिकटवा. मच्छरदाणीची नायलॉन जाळी लावू नका, कुरतडतात. एकट्या झाकणाला भोकं पाडून भागत नाही, हवा एका बाजूने आत आणि दुसरीकडून बाहेर जायला हवी, नाहीतर खालची ओल तिथेच कुबट होऊन बसते. मग आतल्या बाजूला वरच्या काठाखाली चार-पाच सेंटीमीटर रुंद व्हॅसलिनचा पातळ पट्टा फिरवा, सगळीकडून, कोपरे सोडू नका. त्यावर पाय धरत नाहीत, त्यामुळे झाकण उघडलं की कोणी हातावर धावून येत नाही. धूळ बसली की महिन्या-दीड महिन्याने पुसून नवीन लावायचा.

खालचा थर

कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट पाण्यात भिजवा, फुगली की मुठीत घेऊन पिळा. पाणी ठिबकलं तर जास्त ओलं आहे, पसरून वाळू द्या, मूठ उघडल्यावर लाडू राहिला आणि बोट लावल्यावर फुटला तर बरोबर. हा थर पाच-सहा सेंटीमीटर. त्यावर वाळलेला पालापाचोळा, इकडे ओक आणि बीचची पानं फुकटात मिळतात, फक्त रस्त्याच्या कडेची किंवा फवारणी केलेल्या बागेतली नकोत. आणलेली पानं ओव्हनमध्ये ९०-१०० डिग्रीवर अर्धा तास ठेवली की त्यातले पाहुणे जातात. पाइन आणि देवदारचा भुसा, जो सशांसाठी विकतात, तो टाळा, त्यातली सुगंधी तेलं किड्यांना त्रासदायक.

लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावा, आडवे नाही. उभे लावले की विष्ठा खाली पडते आणि प्रत्येकाला आपापली फट मिळते. सोबत कॉर्क बार्कचे, म्हणजे कॉर्कच्या झाडाच्या सालीचे, एक-दोन मोठे तुकडे, ते तिरके टेकवून. जमत असेल तर स्प्रिंगटेल आणि छोटे आयसोपॉड, म्हणजे ओल्या मातीत राहणारे बारीक निरुपद्रवी जीव, सोडा, बुरशी आणि उरलंसुरलं तेच साफ करतात, आपलं काम अर्ध्यावर येतं.

ऊब आणि ओल

यांना २४ ते ३० डिग्री लागतं. २० च्या खाली गेलं की मरत नाहीत लगेच, पण खाणं कमी, वाढ थांबते, पिल्लं होत नाहीत. इकडच्या हिवाळ्यात घर १८-१९ वर असतं कारण गॅसचं बिल बघून कोणी जास्त ठेवत नाही, तेव्हा हीट मॅट, म्हणजे विजेवर गरम होणारी पातळ चटई, लागतेच. मॅट डब्याच्या एका बाजूला बाहेरून चिकटवा, खाली नाही. गरम झालं की झुरळं खाली मातीत शिरतात आणि मॅट खालीच असेल तर ती आगीतून फुफाट्यात. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या यंत्राशिवाय, मॅट लावायचीच नाही, पंधरा-वीस पाउंड वाचवायला जाऊ नका. एक बाजू २८-२९, दुसरी बाजू २३-२४, आणि कुठे बसायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

ओल ६० टक्क्यांच्या आसपास. आठवड्यातून दोन-तीनदा फक्त एका बाजूला पाण्याचा फवारा मारा, मॅटच्या विरुद्ध बाजूला. सगळा डबा ओला करू नका. सेंट्रल हीटिंग चालू असलं की खोलीतली हवा एकदम सुकते, रेडिएटरजवळ डबा असेल तर अजूनच, मग फवारा वाढवावा लागतो. काचेवर सकाळी थोडी वाफ आणि दुपारपर्यंत गायब, हे बरोबर चाललंय. दिवसभर थेंब ओघळतायत म्हणजे खिडक्या कमी पडतायत. हवेतली ओल मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर आत टाका, पण आकड्यापेक्षा काचेवर आणि कातेवर विश्वास ठेवा, स्वस्तातले मीटर काहीही दाखवतात.

खायला काय

यांच्या शरीरात एक बॅक्टेरिया पिढ्यानपिढ्या राहतो, ब्लाटाबॅक्टेरियम नावाचा, तो साठवलेल्या युरिक ॲसिडमधला नायट्रोजन परत वापरून त्यातून पोषक घटक बनवतो. त्यामुळे निकृष्ट खाण्यावरही यांचं चालतं आणि प्रोटीनचा मारा करायची गरज नसते. कोरडं खाणं एका झाकणात कायम ठेवा, डॉग बिस्किटांचा चुरा किंवा ओट्स आणि थोडे फिश फ्लेक्स. ताजं म्हणून गाजर, रताळं, लाल भोपळा, सफरचंद, केळ्याचा तुकडा, संत्र्याची फोड. केळं दिलं की रात्री दिवे बंद करून दहा मिनिटांनी लाल टॉर्चने बघा, सगळे डोकी आत खुपसून बसलेले असतात आणि मोठे नर छोट्यांना शिंगांनी बाजूला ढकलत असतात. भाजी धुवून, शक्यतो सोलून. फोडणीचं, मीठ-तेलाचं काही नको. शिळ्या पोळीचं मला विचारू नका, कुरतडतात पण दुसऱ्या दिवशी त्यावर हिरवी लोकर उगवते. ताजं खाणं चोवीस तासांत उचलायचं, नाहीतर फळमाश्या.

पाण्याची उघडी वाटी नको, पिल्लं बुडतात. बाटलीच्या झाकणात खडे भरून त्यात पाणी, किंवा वॉटर क्रिस्टल जेल. दर दोन दिवसांनी बदला.

विष घरातच असतं

हा भाग वाचल्याशिवाय डबा आणू नका. मच्छरांचं लिक्विड मशीन, कॉइल, झुरळांचा खडू, स्प्रे, यात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात आणि ती आपली-परकी झुरळं ओळखत नाहीत. इकडे मच्छरांचा फारसा त्रास नसला तरी कुत्र्या-मांजरांच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध असतं, ते लावलेल्या मांजराला कुरवाळून तोच हात डब्यात घातला की पोहोचलं विष आत. लक्षण असं की झुरळ पाठीवर उलटं पडतं, पाय थरथरतात, सरळ केलं तरी परत उलटतं. अशा वेळी डबा लगेच दुसऱ्या हवेशीर खोलीत न्या, खालचा थर पूर्ण बदला, खाणं फेका. जास्त काही हातात नसतं. आई-बाबा भारतातून राहायला येणार असतील तर त्यांच्या बॅगेत मशीन आणि रिफिल हमखास असतं, आधीच सांगून ठेवा.

कात

जन्मापासून मोठं होईपर्यंत सहा वेळा कात टाकतात आणि त्याला साधारण पाच ते सात महिने लागतात, ऊब कमी असेल तर जास्त. कात टाकायच्या आधी एक-दोन दिवस खाणं सुटतं, झुरळ कॉर्कच्या उभ्या बाजूला पाय रोवून गप्प बसतं. मग डोक्यामागची ढाल मधोमध उकलते आणि त्या फटीतून आतलं झुरळ हळूहळू मागे-पुढे करत बाहेर येतं, मिशा शेवटी सुटतात, एक-एक करून, धागा ओढल्यासारख्या. बाहेर आलेलं झुरळ खोवलेल्या नारळासारखं पांढरंशुभ्र, डोळे मात्र काळे. बरेच जण फोटो टाकून विचारतात की अल्बिनो निघालं का. नाही, काही तासांत पिवळसर आणि मग तपकिरी होतं. तोपर्यंत अजिबात हात लावू नका, अंग मऊ असतं, वाकलं तर तसंच घट्ट होतं. जुनी कात ते स्वतःच खातं, उचलू नका.

कात अर्धी अडकली तर ओढायची नाही. छोट्या डबीत ओला टिश्यू घालून झुरळाला त्यात ठेवा, झाकण सैल, आणि वाट बघा. सुटली तर सुटली. पाय गेला असेल आणि पिल्लू असेल तर पुढच्या कातीबरोबर थोडा थोडा परत येतो. पूर्ण वाढलेल्याचा येत नाही.

फुसकारणं आणि हाताळणं

बहुतेक किडे आवाज काढायला अंगावर काहीतरी घासतात, हे श्वासावर आवाज काढतं. पोटाच्या बाजूला श्वासाची भोकं असतात, त्यातली एक खास जोडी वापरून हवा जोरात बाहेर सोडतं. घाबरलं की एक आवाज, नर-नर भांडताना वेगळा, मादीला पटवताना वेगळा. भांडणात दोन नर ढाल खाली करून एकमेकांना रेड्यांसारखे ढकलतात, हरलेला निघून जातो, जखमा फारशा होत नाहीत. लपायच्या जागा पुरेशा असल्या की हेही कमी होतं.

उचलताना वरून चिमटीत धरून ओढू नका. पायांना आकडे असतात, ते पुठ्ठ्याला पकडून ठेवतात आणि ओढलं तर पाय तुटतो. तळहात समोर ठेवा, मागून बोटाने हलकं टोचा, चालत येतं. रोज हाताळलं की फुसकारणं कमी होतं. जमिनीवर बसून हाताळा, उंचावरून पडलं तर मोठ्या मादीचं पोट फुटू शकतं. आधी हात धुवा कारण क्रीम-सॅनिटायझर त्यांना नको, नंतर धुवा कारण त्यांच्या अंगावर बुरशीचे कण असतात जे आपल्याला नकोत.

पायांच्या मुळाशी फिकट रंगाचे बारीक माइट्स, म्हणजे कोळ्यांच्या जातकुळीतले इवले जीव, पळताना दिसतील. घाबरू नका, ते याच झुरळाबरोबर राहणारे आहेत, झुरळाच्या तोंडाशी-अंगावर उरलेलं खातात, त्रास देत नाहीत. खाण्याच्या झाकणावर पिठासारखा हलणारा थर दिसला तर मात्र ते दुसरे, धान्यातले माइट्स, म्हणजे डबा जास्त ओला झालाय आणि खाणं जास्त पडून राहतंय. कोरडं खाणं फेका, चार-पाच दिवस फवारा कमी करा, हवा वाढवा.

पिल्लं

मादी अंड्यांची पिशवी तयार करते, ती परत पोटात घेते आणि साधारण ६० दिवसांनी जिवंत पिल्लं बाहेर येतात, एका वेळी वीस ते चाळीस. सुरुवातीचे काही दिवस पिल्लं आईच्या आसपास, तिच्या खाली घोळका करून राहतात, त्यामुळे तेव्हा डबा ढवळू नका. दोन-तीन माद्या असतील तर वर्षभरात तुमच्याकडे शेकड्यात माल होतो आणि मित्र फोन उचलायचे बंद होतात. जास्तीची पिल्लं सरडे पाळणाऱ्यांना देता येतात, शाळांना देता येतात. बाहेर बागेत सोडायची नाहीत, कुठल्याही देशात. अगदीच काही पर्याय नसेल तर डबीत घालून फ्रीझरमध्ये दोन दिवस, हे ऐकायला वाईट वाटतं पण सोडून देण्यापेक्षा बरं.

साफसफाई दोन-तीन महिन्यांनी. मास्क लावा, वरचा विष्ठेचा थर काढा, अंड्यांचे ट्रे बदला, खालचं अर्धं कोकोपीट जुनं ठेवा म्हणजे स्प्रिंगटेल टिकतात. काढलेला थर कुंडीत टाकायचा असेल तर आधी फ्रीझरमधून काढा, त्यात पिल्लं असतात.

आपल्याकडचं डोमिनो

दक्षिण भारतातल्या झुडपी जंगलात एक झुरळ राहतं, थेरिया पेटिवेरियाना, काळ्या अंगावर पांढरे गोल ठिपके. इकडचे हौशी लोक त्यावर जीव टाकतात आणि आपल्याला त्याचं नावही माहिती नसतं. त्याचं रूप अँथिया जातीच्या एका भुंग्याशी मिळतंजुळतं, जो जळजळणारा फवारा उडवतो, म्हणजे डोमिनोला फुकटात संरक्षण. अभयारण्य किंवा राखीव जंगलातून परवानगीशिवाय काही उचलायचं नाही हे लक्षात असू द्या.

याची पद्धत हिसिंगपेक्षा वेगळी आहे. पिल्लं जमिनीखालीच वाढतात, म्हणून थर निदान १०-१२ सेंटीमीटर, कोकोपीटमध्ये कुजकं लाकूड आणि चुरलेली पानं मिसळून, एक बाजू कायम दमट आणि दुसरी कोरडी. मोठ्यांना पंख असतात, त्यामुळे झाकण हवंच. ते संध्याकाळी वर येतात, तेव्हाच बघायला मजा. भारतात ठेवत असाल तर हीट मॅट विसरा, पावसाळ्यात उलट हवा खेळती राहते का तेवढं बघा. मोठी झालेली डोमिनो काही महिनेच जगतात, त्यामुळे सगळी मेली म्हणून डबा रिकामा करू नका, खाली पिल्लं आणि अंड्यांच्या कुप्या असतात. कुप्या डाळीच्या दाण्यासारख्या, मातीच्या रंगाच्या, सहज नजरेतून सुटतात आणि फुटायला महिने घेतात. थर बदलायचाच असेल तर ताटात पसरून हाताने चाळा, कुप्या वेगळ्या काढून दमट बाजूला परत पुरा, आणि वरून पानं टाका.